विद्यापीठाच्या आवारातली मुलं: नियमावलीत नेमकं काय हवं?

क्वार्टर्सवाली:
कर्मचारी वसाहतीच्या समितीकडून विद्यापीठाला मुलांच्या सुरक्षेची दोन पानी नियमावली हवी आहे. सध्या जो कच्चा मसुदा फिरतोय त्यात तीनच गोष्टी आहेत: गेटवर रखवालदार, सीसीटीव्ही आणि 'पालकांनी आपल्या पाल्याकडे लक्ष द्यावे'. माझा पहिला आक्षेप असा की मसुद्यात मुलं म्हणजे फक्त क्वार्टर्समधली. पण आवारात पाळणाघर आहे, शाळा आहे, बांधकामावरच्या मजुरांची मुलं आहेत. मे महिन्यात शिबिराला शहरातून मुलं येतात, संध्याकाळी शेजारच्या गावातली पोरं मैदानावर क्रिकेट खेळतात. काही प्राध्यापकांच्या घरी शिकवण्या चालतात. एनएसएस आणि बी.एड.चे विद्यार्थी गावोगावच्या शाळांत जातात, तिथंही मुलांशी गाठ आपल्याच माणसांची. विद्यापीठ स्वतःला मोठ्यांची जागा समजतं, त्यामुळं यातलं एकही मूल कुणाच्याच खात्यावर नसतं. बेळगाव परिसरात मच्छेपासून भुतरामहट्टीपर्यंत कुठल्याही कॅम्पसला लागू पडेल असं, आणि नेमकं, सांगा.

कुंदा_प्रेमी:
'पालकांनी लक्ष द्यावे' काढलं तर मसुदा एका पानाचा होईल की ओ. समितीच्या चहाचा खर्च कशावर दाखवणार?

वकील_शहापूर:
ताई, यादीत एक गट राहिला. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा २०१२, त्याप्रमाणे अठरा पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक. दहावीनंतर डिप्लोमाला आलेला मुलगा सोळाचा असतो, बी.ई.च्या पहिल्या वर्षाला दाखल होणारे कितीतरी जण सतराचे. हे सगळे बालक. वसतिगृहाच्या प्रवेश अर्जावरून जन्मतारखेप्रमाणे ही यादी निघते, दर वर्षी काढा आणि रेक्टरकडे ठेवा.

आता मसुद्यात यायलाच हव्यात अशा कायद्याच्या गोष्टी. कलम १९: मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्यानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचंच. पुरावा गोळा करणं, खात्री करणं हे आपलं काम नाही. सद्‌हेतूनं कळवलं तर कळवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी काहीच येत नाही, तेही त्याच कलमात आहे. कलम २१: न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं प्रकरण कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. हे शेवटचं वाक्य कुलसचिवांच्या टेबलावर ठळक अक्षरात ठेवा, बाकीचा मसुदा आपोआप मंजूर होतो.

विद्यापीठांत सर्वांत जास्त चुकतं ते वेगळ्याच ठिकाणी. तक्रार आली की ती कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या अंतर्गत समितीकडे पाठवतात. त्या समितीला चौकशीला नव्वद दिवस असतात. पीडित अठराखालची असेल तर नव्वद दिवस थांबणं म्हणजेच कलम १९ मोडणं. समितीनं शिस्तभंगाचं बघावं, पण पोलिसांना कळवणं तिच्यासाठी अडवून ठेवायचं नाही.

रेक्टरबाई:
वकीलसाहेब, कागदावर ठीक आहे. सतरा वर्षांची मुलगी आणि तिच्याच वर्गातला अठराचा मुलगा, दोघं बसस्टँडवर एकत्र दिसले म्हणून रेक्टरनं पोलीस स्टेशन गाठायचं का? मग एकही मुलगी रेक्टरकडे तोंड उघडणार नाही. आजारी पडली तरी लपवेल.

वकील_शहापूर:
बसस्टँडवर एकत्र दिसणं हा गुन्हा नाही. लैंगिक संबंध असेल तर मात्र कायदा अठराखालची संमती मानत नाही आणि कळवण्याचं बंधन येतं. रुग्णालयावरही येतं. कायद्यानं हा प्रश्न नीट सोडवलेला नाही हे मान्य. पण संस्थेच्या पातळीवर 'हे प्रकरण प्रेमाचं, ते अत्याचाराचं' असं रेक्टरनं ठरवायला घेतलं की खरी प्रकरणंही प्रेमाच्या नावाखाली दडपली जातात.

समुपदेशन_कक्ष:
रेक्टरबाईंची भीती खरी आहे, त्यावर उपाय बोलण्याच्या सुरुवातीला असतो. मूल बोलायच्या आधीच सांगायचं: "तू सांगशील ते मी सगळीकडे सांगत फिरणार नाही. पण तुला कुणी इजा करत असेल तर ती थांबवू शकणाऱ्या माणसांना मला सांगावं लागेल." 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊन नंतर ते मोडलं की ते मूल दुसऱ्या कुणाजवळही बोलत नाही.

ऐकताना चार पथ्यं. प्रश्न उघडे ठेवा, "मग काय झालं?" इतकेच, "त्यानं हात लावला का?" असं सुचवू नका, कोर्टात तोच मुद्दा उलटतो. एकाच माणसानं एकदाच ऐकायचं. वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापिका, मग विभागप्रमुख अशी फेरी नको. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, 'अयोग्य वर्तन' असं सभ्य करू नका. तारीख, वेळ, जागा, लिहिणाऱ्याची सही. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून समोरासमोर करणं, हे तर कधीच नाही.

बालरोग_वॉर्ड:
वरच्याला जोडून. प्रकार ताजा असेल तर मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे बदललेच असतील तर कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना खराब होतो. वैद्यकीय नमुने पहिल्या ७२ तासांत घेतलेले सर्वांत उपयोगी, पण उशीर झाला म्हणून जायचं टाळू नका. उपचार एफआयआरसाठी थांबत नाहीत, सरकारी असो की खाजगी, रुग्णालयाला मोफत आणि ताबडतोब उपचार करावे लागतात. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरकडून, पालक किंवा मुलीचा विश्वास असलेलं माणूस सोबत.

निपाणीकर:
सीमाभागाची म्हणून दोन कलमं घाला. पहिलं भाषेचं. मूल मराठीत सांगतं, जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो, खाली अंगठा. पोक्सोच्या कलम १९ मध्येच लिहिलंय की मुलाला न कळणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषी द्यायचा. तो मागावा लागतो. मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही येणाऱ्या दोन-तीन माणसांची नावं आधीच जिल्हा बालसंरक्षण घटकाशी बोलून ठेवा. रात्री दहाला दुभाषी शोधणं जमत नाही.

दुसरं हद्दीचं. शिबिराची सहल आंबोलीला किंवा चंदगडकडं गेली, तिथं काही घडलं आणि मुलं परत आली, तर 'महाराष्ट्रात जाऊन तक्रार करा' हे उत्तर चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते, पुढं ते वर्ग करतात. तसंच ११२ हा आपत्कालीन नंबर लावताना सीमेजवळ मोबाइल पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडू शकतो. म्हणून पहिलं वाक्य राज्य, तालुका, गाव. मग काय झालं ते.

अनगोळकर:
हद्दीवरून आठवलं, पडताळणीचंही तसंच. पोक्सो नियम २०२० च्या नियम ३ प्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेनं कायम, कंत्राटी, शिकवणारे, न शिकवणारे सगळ्यांची पोलीस पडताळणी करायची, तीही ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा. कर्नाटकात सेवा सिंधू पोर्टलवरून अर्ज करता येतो. पण माणूस मूळचा गडहिंग्लजचा आणि सहा महिन्यांपासून वडगावात भाड्यानं राहतो, तर बेळगावची पडताळणी कोरीच येणार. गेल्या काही वर्षांचे सगळे पत्ते मागा आणि महाराष्ट्रातला पत्ता असेल तर तिथल्या पोलिसांचा चारित्र्य दाखलाही घ्या.

आणि कोरा दाखला म्हणजे फक्त गुन्हा नोंद नाही एवढंच. आधीच्या नोकरीच्या ठिकाणी फोन करून एकच प्रश्न विचारा: "याला तुम्ही मुलांसोबत पुन्हा कामावर घ्याल का?" उत्तरापेक्षा उत्तराआधीची शांतता ऐका.

साइटवरचा:
सगळे कायद्यात अडकले. बांधकाम विभागाच्या बाजूनं बघा, मुलांचा जीव जास्त करून साध्या गोष्टींत जातो.

सरकतं गेट. रुळाच्या टोकाचा थांबा तुटला किंवा गंजला की गेट रुळावरून निसटून आडवं पडतं, आणि गेटला लोंबकळणारं मूल त्याखाली. दोन्ही टोकांना जाड लोखंडी थांबा पायात काँक्रीट करून बसवायचा आणि वरच्या बाजूला मार्गदर्शक रोलरचे दोन खांब. हे रोलर नसले तर नुसत्या थांब्याचा उपयोग नाही. महिन्यातून एकदा हलवून बघायचं.

जमिनीतली टाकी. झाकण पत्र्याचं असेल तर ते काही वर्षांत कडेनं कुजतं, वरून धड दिसतं. ओतीव लोखंडाचं झाकण, बिजागरी आणि कुलूप. किल्ली पंप ऑपरेटरच्या खिशात नव्हे, नोंदवहीत. टाकी साफ करायला उघडली की एक माणूस फक्त तोंडाशी उभा, बाकी काही काम त्याला नाही.

कठडे. उभ्या गजांमधली फट १०० मिमीच्या आत हवी, त्यापेक्षा जास्त असेल तर लहान मुलाचं अंग सरकतं आणि डोकं अडकतं. आडव्या पट्ट्यांचे कठडे आर्किटेक्टला आवडतात, पण मुलाला ती आयती शिडी. जुन्या क्वार्टर्समध्ये असे असतील तर आतून पारदर्शक पत्रा बोल्टनं मारा, तोडफोड लागत नाही.

रस्ता. आवारात २० चा वेग लिहून कुणी पाळत नाही. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो, त्यावरून गाडी २५ च्या आसपास आरामात जाते. आपल्याकडे डांबराचा वीतभर उंच ढिगारा घालतात. मग स्कूटरवाले कडेच्या मातीतून जातात, म्हणजे बरोबर तिथून जिथून मुलं चालतात. पाण्याचे टँकर आणि मागं घेणारी कॉलेज बस यांना शाळा सुटण्याच्या अर्ध्या तासात आत बंदी घाला.

पावसाळ्याआधी, म्हणजे मे अखेरपर्यंत, केबलसाठी खणलेले चर बुजवून घ्या. इथं जून-जुलैत पाऊस लागला की चर, रस्ता आणि गटार एकच दिसतात. पथदिव्याच्या खांबांच्या खालच्या जोडपेट्यांची झाकणं बघा आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच (वीज गळताच पुरवठा तोडणारा) आहे का ते तपासा.

मजुरांच्या मुलांबद्दल: पाळणाघराची कायद्यातली सक्ती मजुरांची संख्या एका आकड्यापलीकडे गेली तरच लागते, छोट्या कामावर लागतच नाही. म्हणून ती टेंडरमध्ये घाला: पत्र्याची एक खोली, सावली, पाणी, एक सांभाळणारी बाई, त्याचे पैसे वेगळ्या ओळीत. वेगळी ओळ नसेल तर कंत्राटदार ते सर्वांत आधी वाचवतो.

कुंदा_प्रेमी:
साइटवरचा अण्णा, तुमची पोस्ट वाचून आमच्या सोसायटीचं गेट हलवून बघितलं. आता चेअरमन मला शोधतोय.

बालरोग_वॉर्ड:
पाण्याबद्दल एक भर. बुडणारं मूल ओरडत नाही, हातही वर करत नाही. दोन वर्षांच्या मुलाला बादलीतलं वीतभर पाणी पुरतं. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका, उलटं धरू नका. श्वास नसेल तर आधी पाच वेळा तोंडानं श्वास, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, दाब मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल. हे पाळणाघराच्या बाईला आणि रखवालदाराला प्रत्यक्ष पुतळ्यावर शिकवावं लागतं, फलक वाचून येत नाही.

साप: आवारात झाडी आणि बांधकामाचा राडारोडा असला की येणारच. बांधू नका, कापू नका, मूल चालवू नका. हात-पाय फळीला स्थिर करून सरळ प्रतिविष असलेल्या रुग्णालयात. मण्यार चावल्याची खूण बरेचदा दिसतच नाही. जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोट दुखतंय म्हणून उठलं आणि पापण्या जड झाल्या, तर पित्त समजून थांबू नका. मजुरांच्या झोपड्यांत हे आवर्जून सांगा.

खानापूर_रोड:
आणि कुत्री? वसतिगृहाच्या मेसमागं पंधरा कुत्री बसलेली असतात आणि पोरं त्यांना चपाती घालतात. नियमावली करून कुत्र्यांना वाचायला देणार का?

पीएचडी_चालू_आहे:
खाऊ घालणाऱ्यांना शिव्या देऊन प्रश्न सुटत नाही. उपाशी कुत्री जास्त हल्ला करतात. नसबंदी आणि लस हाच मार्ग.

खानापूर_रोड:
नसबंदी झालेलं कुत्रंही चावतं की ओ.

वकील_शहापूर:
दोघेही थांबा. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणेच खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून लांब ठरवायची असते. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शैक्षणिक संस्था, रुग्णालयं वगैरेंच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत, परत तिथंच सोडू नयेत असा आदेश दिला. पालिका किंवा ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि पोच घ्या. मेसचं खरकटं झाकणाच्या डब्यात ठेवणं मात्र न्यायालयाविनाही जमतं.

बालरोग_वॉर्ड:
चावल्यावर: साबण आणि वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून १५ मिनिटं. हळद, चुना, मिरची काही नाही. रेबीजची त्वचेतली लस ०, ३, ७, २८ या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, आणि खेड्यातल्या केंद्रावर बहुतेकदा तेच नसतं. ते कुठं मिळतं हे आधी फोन करून पाळणाघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. नुसतं ओरखडलं तरी मुलं भीतीनं सांगत नाहीत, म्हणून "कुत्र्याला दगड मारलास ना?" असं आधी विचारू नका.

रेक्टरबाई:
सीसीटीव्हीवर कुणी बोललंच नाही. आमच्या समितीचा सगळा विश्वास त्याच्यावर.

अनगोळकर:
कॅमेरा घडल्यावर उपयोगी, घडू नये म्हणून फारसा नाही. साठवण साधारण पंधरा ते तीस दिवसांची असते, मग वर नवीन चढतं. तक्रार तिसऱ्या आठवड्यात आली तर हाती काही नाही. म्हणून नियमात लिहा: तक्रार कळली त्याच दिवशी संबंधित तासांचं चित्रण वेगळ्या डिस्कवर, काढणाऱ्याची सही आणि डिजिटल पुराव्याला लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. चित्रण कोण बघू शकतं त्याचीही नोंद. सुरक्षा केबिनमधून मोबाइलवर काढलेला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरला तर मुलाची ओळख उघड होते, तो वेगळा गुन्हा.

पैसे थोडे असतील तर कॅमेऱ्याऐवजी दारांना काचेची पट्टी लावा. संगीत खोली, प्रयोगशाळेचं भांडार, शिकवणीची खोली. आतून कडी काढून टाका.

समुपदेशन_कक्ष:
शिबिरासाठी हेच. एक मोठा माणूस आणि एक मूल बंद जागेत कधीच नाही. स्वच्छतागृहाकडे मुलं तिघांच्या गटानं, मोठं माणूस बाहेर उभं. मूल घेऊन जायला कोण येणार त्याची दोन नावं पहिल्या दिवशी लिहून घ्यायची, तिसरं कुणी आलं तर कितीही ओळखीचं असो, फोन झाल्याशिवाय सोडायचं नाही. प्रशिक्षकानं मुलांना वैयक्तिक मेसेज करायचे नाहीत, पालक असलेल्या गटातच. फोटोसाठी पालकांची वेगळी सही, आणि फोटोखाली नाव-शाळा एकत्र टाकायचं नाही.

पीएचडी_चालू_आहे:
संशोधनाचं विसरू नका. शिक्षणशास्त्र, समाजकार्य, मानसशास्त्र या विभागांचे विद्यार्थी मुलांच्या मुलाखती घेतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पालकांच्या संमतीसोबत मुलाचीही सहमती आहे: ७ ते १२ तोंडी, १२ ते १८ लेखी. ती जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधनासाठी आहेत, पण बाकी विभागांनीही तोच नमुना उचलायला हरकत नाही. मुख्याध्यापकांची सही म्हणजे पालकांची संमती नव्हे, आणि इथं पालकाला कळेल त्या भाषेत पत्रक हवं. मुलाखतीत अत्याचार कळला तर 'माहिती गोपनीय राहील' हे कलम १९ पुढं टिकत नाही, ते संमतीपत्रातच आधी लिहायचं.

क्वार्टर्सवाली:
सगळ्यांचे आभार. दोन पानांत हे मावत नाही, तेव्हा पहिल्या पानावर फक्त घडल्यावर कुणाला सांगायचं ते, दुसऱ्यावर साइटवरचे काका म्हणाले ती तपासणी, बाकी परिशिष्ट. एक अडलंय: 'कुणाला सांगायचं' तिथं समिती लिहू की एक नाव?

वकील_शहापूर:
एक नाव, एक मोबाइल. ती व्यक्ती रजेवर असेल तेव्हाचं दुसरं नाव. दोघांपैकी एक बाई. दोघंही एकाच विभागातले नकोत, आणि आरोप त्या व्यक्तीवरच आला तर थेट १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२, हेही तिथंच छापा. समितीचा फोन नंबर नसतो.

रेक्टरबाई:
आणि ती व्यक्ती सुरक्षा अधिकारी नको. मुलं गणवेशाशी बोलत नाहीत.

निपाणीकर:
फलक कन्नड, मराठी, उर्दू तिन्हीत. वर कुठली आणि खाली कुठली यावर कृपया इथं सुरू होऊ नका, ॲडमिन धाग्याला कुलूप लावेल.

कुंदा_प्रेमी:
चित्र काढा आणि खाली १०९८. आकडा तरी वादात नाही ना?

साइटवरचा:
फलक मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीला लावू नका. जमिनीपासून तीन-साडेतीन फूट. स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही एक, तिथं मूल एकटं वाचू शकतं. कागदी चिकटवला तर पहिल्या पावसात ओल धरून निघतो. ॲक्रिलिक पत्रा, चार स्क्रू.